परसदारी चिनी बाग करायचीय? आधी मागची भिंत बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरामागच्या जागेत चायनीज गार्डन कसं करायचं यावर पान भरून लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि मग काही राहवेना म्हणून हे पत्र लिहायला बसले. लिहिणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, हौसेने लिहिलंय हे कळतं. पण त्यात वस्तूंची जी यादी दिली होती, लाल कंदील, हसणारा बुद्ध, लाल रंगाचा कमानीचा पूल, दगडी दिवा, पांढऱ्या खडीवर दाताळ्याने ओढलेल्या रेघा, हे सगळं आणून मांडलं तरी चिनी बाग काही होत नाही हो. त्यातला लाल पूल, दगडी दिवा आणि खडीवरच्या रेघा या तर जपानी बागेच्या गोष्टी आहेत, आणि कंदील सणाला लावायचा असतो. लोक पुरवणी कापून ठेवतात, तीच यादी घेऊन दुकानात जातात, पैसे घालवतात आणि वर्षभरात त्या कोपऱ्यात धूळ बसलेला बुद्ध तेवढा उरतो. मी हे माझ्याच ओळखीतल्या दोन घरी पाहिलंय आणि दोन्ही वेळा फार वाईट वाटलं, कारण जागा दोन्ही चांगल्या होत्या.

मी आर्किटेक्ट वगैरे नाही. गेली सात वर्षं घरामागच्या तीस बाय वीस फुटांच्या जागेत हेच करतेय, चुकलं की पाडतेय, परत बांधतेय, मिळेल ते वाचतेय, चीनमधल्या सुझोऊ शहरातल्या जुन्या बागांचे फोटो आणि नकाशे तासन् तास बघतेय. त्यातून जे हाताला लागलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे चिनी बाग ही झाडांची बाग नाहीच मुळी. निसर्गदृश्याला चिनीत शानशुई म्हणतात, शान म्हणजे डोंगर आणि शुई म्हणजे पाणी, चित्रालाही तोच शब्द. बाग म्हणजे ते डोंगर-पाण्याचं चित्र, फक्त त्यात चालत जायचं. म्हणून या बागा करणारे बरेचसे चित्रकार आणि कवी होते. सुझोऊमधली सगळ्यात नावाजलेली बाग, झुओझेंग युआन, ती वांग शियानचेन नावाच्या अधिकाऱ्याने 1509 च्या सुमाराला नोकरी सोडून आल्यावर करायला घेतली आणि त्याचा मित्र वेन झेंगमिंग, मोठा चित्रकार, त्याने 1533 मध्ये तिची 31 चित्रं काढली, प्रत्येकासोबत कविता लिहिली. बागेच्या नावाचा अर्थ साधारण "अडाण्याचा कारभार" असा होतो. जुन्या एका कवीने लिहिलं होतं की बागेला पाणी घालावं, भाजी विकावी, माझ्यासारख्या अडाण्याचा कारभार एवढाच, त्यावरून ते नाव आलंय. दरबारातल्या कटकटींना वैतागलेला माणूस चार भिंतींच्या आत स्वतःसाठी डोंगर आणि पाणी उभं करतो, ही त्यातली मूळ ओढ आहे. तुम्ही आम्ही ऑफिसातून दमून घरी येतो तेव्हा मागच्या दारी जाऊन बसावंसं वाटतं ना, तेच ते. म्हणूनच मला ही बाग साध्या घराच्या मागे शोभते असं मनापासून वाटतं, ती राजवाड्यापेक्षा घराचीच जास्त आहे.

आणि जागा लहान आहे म्हणून कुणी मागे हटू नये. झुओझेंग युआन पाच हेक्टरांच्या वर आहे खरी, पण त्याच शहरातली वांगशी युआन, म्हणजे जाळीवाल्याची, कोळ्याची बाग, ती सगळी मिळून अर्धा हेक्टर आहे आणि जाणकार तिला फार मानतात. तिच्यातल्या एका छोट्या अंगणावरून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक चिनी अंगण बांधलंय, 1981 मध्ये ते उघडलं, त्यासाठी सुझोऊहून कारागीर गेले होते. त्या अंगणाचे फोटो नीट बघा. एक पांढरी भिंत, भिंतीशी दगड, एक अर्धी कललेली छत्री, म्हणजे बसायचा छोटा मंडप, थोडं पाणी, मोजकी झाडं. बस. म्युझियमच्या इमारतीच्या आत ते मावलंय, तर आपल्या परसदारी का नाही मावणार.

आता भिंत. मी सगळ्यांना हेच सांगते की आधी भिंत बघा, बाकी काही आणू नका. जी चेंग नावाचा मिंग राजघराण्याच्या काळातला बागकार होता, जन्म 1582 चा, त्याने 1631 मध्ये बागा बांधण्यावर युआनये नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात तो म्हणतो पांढऱ्या भिंतीला कागद समजा आणि दगडाने त्यावर चित्र काढा. हे वाक्य मी वाचलं तेव्हा आमच्या मागच्या भिंतीवर चार रंगांच्या कुंड्या टांगलेल्या होत्या, वर एक वेल सोडलेला, खाली जुना माठ, एक मोडकी खुर्ची. मी सगळं काढलं. भिंतीला साधा चुन्याचा पांढरा हात दिला, ऑइल पेंट नाही, चकाकणारं काही नाही, आणि वरच्या कडेला राखाडी कौलांची एक ओळ बसवली, पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून आणि भिंतीला एक रेघ मिळावी म्हणून. महिनाभर मी त्या भिंतीपुढे काहीच ठेवलं नाही. घरचे म्हणायला लागले की अगं हॉस्पिटलसारखं दिसतंय, काहीतरी लाव तिथे. पण त्या महिन्यातच मला कळलं की सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी चारला सावली कुठे पडते, घरातून बघताना नजर कुठे जाऊन थांबते. मग डाव्या बाजूला, भिंतीपासून दीड फूट सोडून, बांबूचं एक बेट लावलं. आता दुपारी साडेतीन ते पाच त्याची सावली भिंतीवर असते, पानापानाची, वारा आला की पूर्ण भिंत हलते. बांबू बारीकच आहे, पण त्याची सावली आठ फुटांची आहे आणि ती आम्हाला फुकट मिळते.

बांबूवरून एक सावध करायचंय, कारण त्या लेखात "कुठलाही बांबू लावा" असं होतं. कुठलाही लावू नका. बांबूचे दोन प्रकार, एक पुंजक्याने वाढणारा आणि एक जमिनीखालून पळणारा. चिनी चित्रांमधला तो सुंदर, सुटासुटा बांबू बहुतेक पळणारा असतो. मी पहिल्यांदा तोच लावला, न विचारता. तिसऱ्या वर्षी तो भिंतीच्या पायाखालून शेजारच्या काकांच्या फरशीतून वर आला. काकांनी समजुतीने घेतलं, पण ती फरशी उखडून मुळं काढायला आम्हाला चार दिवस लागले आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पळणारा हवाच असेल तर भोवती दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकचा पडदा पुरा, वर दोन इंच बाहेर ठेवा आणि वर्षातून एकदा कडेने फिरून बाहेर डोकावणारं मूळ कापा, नाहीतर सरळ पुंजक्याचा घ्या आणि आतल्या जुन्या काठ्या विरळ करत राहा, दिसायला तितकाच छान दिसतो.

दगडाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, संपादक महाशय, कापलंत तर दुसरं काहीतरी कापा.

चिनी लोकांचं दगडावर जेवढं प्रेम आहे तेवढं मला तरी कुठल्या दुसऱ्या बागेत दिसलं नाही. सुंग राजघराण्याच्या काळात 'मी फू' नावाचा एक चित्रकार होता (1051 ते 1107), तो एका दगडाला रीतसर पोशाख करून वाकून नमस्कार करायचा आणि त्याला दादा म्हणायचा, थोरला भाऊ. या घटनेची चित्रं पुढे शेकडो वर्षं काढली गेली. सुझोऊजवळच्या ताइहू तलावातून निघणारा चुनखडीचा दगड सगळ्यात मानाचा, पाण्याने झिजून त्याला भोकं पडलेली असतात. तो पारखायच्या चार कसोट्या आहेत. अंगाने सडपातळ हवा, आरपार दिसलं पाहिजे, भोकं एकमेकांत उतरलेली हवीत म्हणजे वर ओतलेलं पाणी खाली कुठूनतरी झिरपेल, आणि अंगावर सुरकुत्या हव्यात. डोकं पायापेक्षा जड असलं तरी चालतं, उलट ते आवडतं, ढगासारखं दिसतं म्हणून. सुझोऊच्याच लिऊ युआन बागेत असा एक दगड उभा आहे, साडेसहा मीटर उंच, त्याचं नाव ढगांची टोपी घातलेलं शिखर.

पण म्हणून आपण तसला दगड शोधत फिरायचं का, तर नको. या दगडाच्या नादाची एक दुःखाची गोष्टही आहे. सुंग सम्राट हुइझोंगला आपल्या राजधानीत डोंगराची बाग हवी होती, त्यासाठी दक्षिणेतून दगड आणि झाडं बोटींवर लादून आणायचे, कालव्यावरचे पूल मोठ्या दगडाला आड आले तर पूल तोडायचे, ज्याच्या अंगणात चांगला दगड दिसला त्याचा तो गेला. लोक पिळून निघाले, बंडं झाली, आणि 1127 मध्ये राजधानी शत्रूच्या हाती पडली. जी चेंगने तर स्पष्ट लिहिलंय की ताइहूच्या दगडाचाच हट्ट नको, पारखणारी नजर असेल तर जवळपास मिळणारा दगडही चालतो. लोक हल्ली सिमेंटचे भोकं पाडलेले नकली ताइहू दगड आणतात, कृपा करून ते नका आणू, सिमेंटला सुरकुती पडत नाही, चीर पडते. आपल्याच भागातला, उन्हापावसात राहिलेला, शेवाळ धरलेला एक दगड घ्या. एकच घ्या. दहा छोटे घेण्यापेक्षा एक कंबरेएवढा बरा.

बसवताना मात्र घाई नको. माझा दगड आला तेव्हा माणसांनी तो टेम्पोतून उतरवला आणि जसा उतरला तसा भिंतीपुढे मधोमध ठेवला, आडवा, म्हशीसारखा बसलेला. तसा तो चार महिने होता. मला रोज काहीतरी खुपायचं पण कळत नव्हतं काय ते. मग एकदा पाऊस पडून गेल्यावर तो ओला असताना बघितलं तर त्याच्या अंगावर थरांच्या रेघा दिसल्या, तिरप्या, डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या, आणि कोरड्यात त्या कधी दिसल्याच नव्हत्या. दगडाला चढायचं होतं आणि आम्ही त्याला झोपवला होता. मग तीन माणसं, दोन पहारी, एक साखळीचा कप्पी-दोर लावून तो उभा केला, मधोमध न ठेवता उजवीकडे एक तृतीयांश अंतरावर, खालचा फूटभर भाग जमिनीत पुरून, म्हणजे तो आणून ठेवल्यासारखा न दिसता जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. पायाशी त्याच जातीचे दोन लहान तुकडे टाकले, त्यांच्याही रेघा त्याच दिशेला. त्या संध्याकाळी आमचे हे काही न बोलता अर्धा तास तिथेच उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं नाही की हे सगळं कशाला.

अजून एक, ज्यांना दगडावर दगड रचून छोटा डोंगर करायचाय त्यांच्यासाठी. सुझोऊच्या हुआनशिऊ शानझुआंग बागेतला डोंगर गे युलियांग नावाच्या कारागिराने केलाय (1764 ते 1830). दगड लोखंडी पट्ट्यांनी टांगायची पद्धत सोडून त्याने ते कमानीच्या पुलासारखे एकमेकांत अडकवले, वजनानेच एकमेकांना धरतात, आत गुहा, घळी, कडा सगळं आहे, आणि हा पूर्ण डोंगर मावलाय सव्वातीनशे चौरस मीटरच्या आसपास. घरी असलं धाडस करणाऱ्यांनी निदान छातीच्या वर जाऊ नये आणि मुलं चढणार हे धरूनच रचावं.

पाण्याचं थोडक्यात सांगते. पॉन्ड मधोमध गोल खणू नका, मी खणला होता, तो हौदच दिसतो. चिनी तळ्याला दोन्ही टोकं दिसत नाहीत, एक टोक दगडाखाली शिरतं, दुसरं एखाद्या पुलाखाली किंवा झाडीत, त्यामुळे पाणी पुढे कुठेतरी जातंय असं वाटतं. वांगशी युआनमध्ये तळ्याच्या कोपऱ्यात एक दगडी कमानीचा पूल आहे तो दोन-अडीच मीटरच लांब आहे, तीन-चार पावलांत संपतो, आणि तो एवढासा आहे म्हणूनच शेजारचं तळं मोठं दिसतं. माझ्या डोक्यात हे शिरलं तेव्हा मी गोल हौद बुजवला आणि भाकरीचा तुकडा मोडावा तसा वेडावाकडा आकार केला, लांबट, एक शेपटी दगडाखाली नेलेली. खणलेली माती बाहेर टाकू नका, तिचाच बाजूला उंचवटा करा, तळं खणणं आणि टेकडी रचणं हे चिनी बागेत एकच काम आहे. आत जाड रबरी लायनर टाका, कडा दगडांनी झाका, लायनरची काळी कड कुठेही दिसता कामा नये. सिमेंटचा पॉन्ड केलात तर नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. माझे पहिले सहा गोल्डफिश त्यानेच गेले, पॉन्ड बांधणाऱ्याने "उद्या मासे सोडा" म्हणून सांगितलं आणि मी ऐकलं. आठ-दहा दिवसांनी पाणी बदलत दोन-तीनदा भरून रिकामा करायला हवा होता, किंवा वरून सीलरचा लेप तरी द्यायला हवा होता. गोल्डफिश मूळचे चीनमधलेच, तिथेच ते पाळीव झाले, शिवाय डासांच्या अळ्या खातात, तेव्हा ते हवेतच. कारंजं मात्र नको. या बागेत पाणी शांत हवं, आकाश दिसण्यासाठी. हवा खेळवायला छोटा पंप दगडाखाली ठेवला तर आवाजही येत नाही.

आता ज्याच्यावर कुणी लिहीतच नाही ती गोष्ट, लपवणं. चिनी बाग दारात उभं राहून पूर्ण दिसत नाही, दिसता कामा नये. एक पाऊल, एक दृश्य, असं ते म्हणतात. भिंत आडवी येते, तिच्यात गोल दार असतं चंद्रासारखं, त्यातून पलीकडचा एक तुकडा दिसतो, किंवा जाळीची खिडकी असते आणि तिच्या नक्षीतून पलीकडचं हिरवं झिरपतं. सुझोऊच्या त्सांगलांग बागेत अशा 108 खिडक्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. माझ्याकडे तीस फुटांत दुसरी भिंत कुठून आणणार, म्हणून मी सहा फूट रुंदीची आणि सात फूट उंचीची एक सुटी भिंत उभी केली, बागेच्या मध्यापेक्षा थोडी अलीकडे, तिच्यात तीन फुटांचं गोल भोक ठेवलं, दार नाही, खिडकीच. सगळे म्हणाले जागा आणखी छोटी होईल. झालं उलटंच. आधी स्वयंपाकघराच्या दारातून एका नजरेत सगळं संपायचं, आता लोक आले की त्या भिंतीला वळसा घालून पलीकडे काय आहे बघायला जातात, आणि पलीकडे खरं तर एक दगड आणि थोडं पाणी एवढंच आहे. तीच गोष्ट वाटेची. नागमोडी पुलाबद्दल सांगतात की भुतं सरळ चालतात म्हणून पूल वाकडा, पण मला त्याचं खरं काम वेगळं वाटतं, प्रत्येक वळणावर तोंड फिरतं आणि पाय आपोआप सावकाश पडतो. वाट वाकडी करताना मात्र वळणाला कारण हवं, दगड, झाड, पाणी काहीतरी आडवं आलं पाहिजे, उगीच साप काढल्यासारखी नको. वाटेवर फरशी न घालता फुटकी कौलं, खापरं, फुटक्या बश्यांचे तुकडे, नदीचे गोटे कडेवर उभे रोवून नक्षी करतात, जी चेंगने फुटक्या कौलांनाही बागेत त्यांचा मान दिलाय. हे काम आमच्या घरातल्या मुलांनी दोन सुट्ट्यांत केलं, बारा फूट झालं, आणि ते अजून एका जागीही उखडलेलं नाही.

बाहेरचं दृश्य उसनं घेणं हाही एक भाग आहे, त्याला जिए जिंग म्हणतात. झुओझेंग युआनच्या तळ्याकाठी एका जागी उभं राहिलं की झाडांच्या मधून दूरचा उत्तरेकडच्या देवळाचा मनोरा दिसतो, 76 मीटर उंच, शहरात बराच लांब आहे, पण बागेतलाच वाटतो. तुमच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं मोठं झाड असेल, लांबची टेकडी असेल, नुसतं उघडं आकाश असेल, तर आड येणारी आपली फांदी छाटून ते आत घ्या. आणि पाण्याची टाकी, केबलचा गुंता दिसत असेल तर तिथे बांबू लावा. यात एक पैसाही लागत नाही, नुसतं खुर्ची घेऊन वेगवेगळ्या जागी बसायला लागतं.

बसण्यावरून आठवलं, बसायला छप्पर असलेली एक जागा पाहिजेच. छत्रीला चिनीत तिंग म्हणतात आणि थांबण्यालाही तिंग, अक्षरं वेगळी पण उच्चार एकच, आणि जी चेंग तोच धागा धरून सांगतो की ही थांबायची जागा. झुओझेंग युआनमध्ये पंख्याच्या आकाराची एक बैठक आहे, तिचं नाव "कुणासोबत बसू", सू शी या कवीच्या ओळीवरून, कुणासोबत बसू, चांदणं, वारा आणि मी. मला हे नाव इतकं आवडतं की सांगता येत नाही. आमच्याकडे मोठी छत्री शक्यच नव्हती, घराच्या भिंतीलाच एक कललेलं छप्पर काढलं, चार फूट खोल, खाली लाकडी बाक, आणि बाकासमोर तो दगड बरोबर येतो. बाक आधी ठरवा आणि मग दगड, हे मी उलटं केलं होतं.

झाडं मी मुद्दाम शेवटी घेतली. संख्या कमी, अर्थ जास्त, असा हिशोब ठेवा. पाइन, बांबू आणि प्लम यांना हिवाळ्यातले तीन मित्र म्हणतात, थंडीत बाकी सगळं गळून गेलं तरी हे तिघं टिकतात. प्लम, ऑर्किड, बांबू, शेवंती हे चार सज्जन. कमळावर झोउ दुनयी नावाच्या विचारवंताने अकराव्या शतकात लिहिलं की ते चिखलातून येतं पण चिखल लावून घेत नाही, तेव्हापासून ते सज्जनाचं फूल झालं. सू शी म्हणतो जेवणात मांस नसलं तर चालेल, राहत्या घरी बांबू नसला तर नाही चालणार. पण ही यादी पाठ करून जिथे प्लमला थंडी मिळत नाही तिथे प्लम लावण्यात अर्थ नाही, ते झाड झुरतं. आपल्या हवेत टिकणारं, वेडंवाकडं वाढणारं, वास असणारं एक झाड निवडा आणि त्याला जागा द्या. कमळाला रोज पाच-सहा तास कडक ऊन, भोक नसलेलं पसरट भांडं आणि चिकट माती लागते, कुंडीची हलकी माती घातली की ती तरंगून वर येते आणि पाणी गढूळ होतं. चिनी बागेतला विस्टेरियाचा वेल लावलात तर त्याच्या शेंगा विषारी असतात, लहान मुलं असतील तर त्या वेळच्या वेळी तोडा.

आणि केळ. त्या लेखात केळीचं नावच नव्हतं म्हणून मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. सुझोऊच्या बागांमध्ये केळ फळासाठी लावत नाहीत, पावसाच्या आवाजासाठी लावतात. झुओझेंग युआनमध्ये एक बैठकच आहे, नाव "पाऊस ऐकायची खोली", तिच्याशेजारी केळी लावल्यात, तळ्यात कमळाची पानं, बाजूला बांबू, म्हणजे एकच पाऊस तीन वेगळ्या आवाजात पडतो. मी हे वाचून बाकाच्या उजव्या हाताला एक केळ लावली. पहिल्या मोठ्या पावसात सासूबाई, ज्यांना आता फारसं दिसत नाही, मागच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या मला तिथे नेऊन बसव. केळीवर थेंब जाड आणि थांबून थांबून पडतो, टप, टप, मग पान वाकून एकदम पाणी ओततं, आणि बांबूवर तोच पाऊस नुसता सळसळतो. त्यांनी डोळे मिटून मला सांगितलं की पाऊस आता डावीकडे सरकला. सात वर्षं मी ही बाग डोळ्यांनी करत होते. आता दर पावसात त्या बाकावर त्यांची जागा ठरलेली आहे, आणि मी त्यांच्यासाठी तळ्यात कमळाचं दुसरं भांडं ठेवलंय, तिसरा आवाज हवा म्हणून.

ज्यांच्याकडे परसदार नाहीच, त्यांनी पेनजिंग करावं, म्हणजे ताटातली बाग, पसरट दगडी ताटात एक दगड, एक खुरटवलेलं झाड, थोडी वाळू पाण्यासारखी. जपानी बोन्साय यातूनच पुढे निघालं. तेही चिनी बागच आहे, नियम तेच, रिकामी जागा जास्त.

बागेला नाव द्या हे सांगायचं राहिलं. तिथे प्रत्येक छत्रीवर, दारावर पाटी असते, कवितेतले दोन-तीन शब्द, आणि नाव लिहिल्याशिवाय बाग पूर्ण झाली असं मानत नाहीत. चिनी अक्षरं कुठूनतरी उचलून लावू नका, तुम्हाला वाचता येत नसतील तर ती नुसती नक्षी झाली. आपल्या भाषेत, आपल्याला आवडलेले दोन शब्द लाकडावर कोरा. आमची पाटी सासूबाईंनी सांगितलेली आहे, "सर सरकली".

आता विनंती. पुरवणीत पुढच्या वेळी असा विषय घ्याल तेव्हा वस्तूंच्या फोटोंऐवजी एका छोट्या जागेचा साधा नकाशा छापा, त्यात भिंत कुठे, बाक कुठे, बाकावरून काय दिसतं आणि काय झाकलंय हे दाखवा, आणि दुपारचं ऊन कुठून येतं त्याचा एक बाण काढा. वाटल्यास माझ्या तीस बाय वीसचा काढून पाठवते, हातानेच काढलेला आहे, पण मापं बरोबर आहेत. गोल हौद जिथे होता तोही त्यात तुटक रेघेने दाखवलाय.

आपली नम्र,
एक नियमित वाचक